औषध नसलेली पट्टी जंतूंचं काय करते?

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजवरून सुचला. पाठवणारा मित्र डोंबिवली पूर्वेचा. बाबांना शुगर आहे. पावसात स्टेशनजवळच्या साचलेल्या पाण्यातून चालताना चपलेचा पट्टा घासला, पायाला जखम झाली आणि ती चिघळली. घरी तीन आठवडे अँटिबायोटिकची पावडर मारणं चालू होतं. शेवटी दवाखान्यात नेलं, तर ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरने हिरवट रंगाच्या जाळीदार कापडाचा तुकडा जखमेवर ठेवला आणि म्हणाल्या, "यात औषध नाहीये." आमच्या मित्राला प्रश्न पडला, औषधच नाही तर जंतू मरणार कसे?

तर उत्तर असं की मरत नाहीत. उचलले जातात.

आमटीवर तरंगणारे तेलाचे दोन थेंब बघा. जवळ आले की मिळून एक होतात, कारण दोघांनाही पाण्याचं वावडं. जखमेत त्रास देणाऱ्या बऱ्याच जंतूंचं बाहेरचं आवरण असंच पाण्यापासून पळणारं असतं. या पट्टीच्या धाग्यांवर डीएसीसी नावाच्या, तेलकट स्वभावाच्या पदार्थाचा थर असतो. पूर्ण नाव डायअल्किलकार्बामॉइल क्लोराइड, पण ते पाठ करायची काही गरज नाही! जखमेच्या ओलाव्यात जंतू धाग्यांना जाऊन चिकटतात आणि पट्टी बदलली की तिच्याबरोबर बाहेर पडतात. पट्टीतून जखमेत काहीच सुटत नाही, म्हणून जंतूंना त्याची सवय होऊन ते निगरगट्ट होण्याची भीतीही फारशी नाही. पावडरचं तसं नाही. अँटिबायोटिक आठवडेच्या आठवडे वरून मारत राहिलं की त्याला दाद न देणारे जंतू मागे उरतात.

आता इथेच घरोघरी एक चूक होते. पट्टी कोरडी दिसते म्हणून आपण खाली मलम चोपडतो. मलमाच्या तेलकटपणाने धागे माखले की जंतूंना चिकटायला जागा उरत नाही. पट्टी जखमेला थेट टेकलेली हवी, खोल जखमेत तळापर्यंत.

पुरावा किती? इंग्लंडच्या नाइस या संस्थेने 2021 मध्ये सिझेरियन आणि रक्तवाहिन्यांच्या ऑपरेशननंतरच्या टाक्यांवर अशी पट्टी वापरायची शिफारस केली. पण ती जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून. आधीच चिघळलेल्या जखमेसाठी पुरावा तेवढा भक्कम नाही, हे सांगायलाच हवं.

अँटिबायोटिक नसलेल्या ड्रेसिंगची एक गोष्ट तर आपल्या सोलापूरची आहे. तिथल्या वैशंपायन मेडिकल कॉलेजचे डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी 1991 मध्ये भाजलेल्या 104 रुग्णांवरचा अभ्यास ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत छापला. अर्ध्यांना मधात भिजवलेलं गॉज, अर्ध्यांना तेव्हाचं नेहमीचं सिल्व्हर सल्फाडायझिन. मधाच्या गटात 91 टक्के जखमा सात दिवसांत जंतुमुक्त झाल्या, दुसऱ्या गटात फक्त 7 टक्के. आकडे वाचून मी तरी थबकलो, फरक जरा जास्तच मोठा वाटतो. पण 2015 मधल्या कॉक्रेनच्या आढाव्यातही, वरवर भाजलेल्या जखमा नेहमीच्या ड्रेसिंगपेक्षा मधाने चार-पाच दिवस लवकर भरतात असं निघालं. पायाच्या शिरांमुळे होणाऱ्या जुनाट जखमांना मात्र तसा फायदा दिसला नाही.

मधाचं काम वेगळ्या रस्त्याने चालतं. त्यातली साखर पाणी ओढून घेते, मध आंबट असतो, आणि जखमेतल्या पाण्याने पातळ झाला की त्यातून थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं.

पण म्हणून स्वयंपाकघरातली बाटली उघडू नका हं! साध्या मधात जंतूंचे बीजाणू असू शकतात. ड्रेसिंगचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो.

परत डोंबिवलीच्या बाबांकडे येऊ. मधाची असो की हिरवट, पट्टी जखमेच्या वरवरचे जंतू कमी करते. आत मांसात किंवा हाडापर्यंत गेलेल्या संसर्गाला ती पुरी पडत नाही, तिथे डॉक्टरांनी दिलेलं पोटातलं नाहीतर शिरेतलं अँटिबायोटिकच लागतं. लाली रोज पसरतेय, घाण वास येतोय, ताप आहे, बोट काळं पडतंय, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या ड्रेसिंगची वाट बघू नका. डोंबिवलीत शास्त्रीनगर, कल्याणला रुक्मिणीबाई, कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, ही तिन्ही पालिकेची हॉस्पिटलं आहेत. जे जवळ पडेल तिथे त्याच दिवशी जा.

आणि शुगरवाल्यांचा पाय बधिर असू शकतो. बाबा "दुखत नाही रे" म्हणाले म्हणून गप्प बसू नकोस मित्रा. मोबाइलचा टॉर्च लाव आणि तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या रोज स्वतः बघ. पट्टी बदलताना रोज एक फोटो काढून ठेव, सिस्टरना जखम वाढतेय की आटतेय ते दाखवता येईल.