मुंबईच्या कायद्याचे बॅरिस्टर : फिरोजशहा मेहता

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतलेले अनेक हिंदी तरुण राजकारणात शिरले. परंतु कायद्याचा मसुदा हेच राजकारणाचे मुख्य हत्यार मानणारे फिरोजशहा मेहतांसारखे थोडेच होते, आणि म्हणून त्यांच्या कारकिर्दीचे खरे मोल त्यांच्या गाजलेल्या भाषणांपेक्षा मुंबई महानगरपालिकेच्या कायद्यात शोधावे लागते.

४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईत जन्मलेले मेहता एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी घेऊन रुस्तमजी जमशेटजी जीजीभाई यांनी देऊ केलेल्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेले. १८६५ मध्ये कापसाच्या सट्ट्याचा फुगा फुटून देणगीदारच बुडाले, तरी मेहतांनी लिंकन्स इन या संस्थेतून १८६८ मध्ये सनद मिळवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत, म्हणजे शहरातले मोठे दावे थेट जेथे दाखल होत तेथे, सॉलिसिटरने तयार केलेले प्रकरण न्यायाधीशांपुढे मांडणे हे बॅरिस्टरचे काम असे. मेहतांची वकिली मात्र मुख्यतः मुंबईबाहेरच्या न्यायालयांत बहरली.

त्यांच्या राजकारणाची खरी सुरुवात १८७१ मध्ये झाली. १८६५ च्या कायद्याने शहराचा कारभार सरकारनियुक्त आयुक्ताकडे सोपवला होता आणि त्याच्यावर देखरेख करणारे ‘जस्टिस ऑफ द पीस’ही सरकारनेच नेमलेले प्रतिष्ठित नागरिक होते. आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी शहर झपाट्याने सुधारले. पण खर्च हाताबाहेर गेला, करदाते खवळले आणि आयुक्ताचे अधिकार काढून ते एका समितीकडे द्यावेत अशी मागणी जोर धरू लागली. अशा वातावरणात अवघ्या सव्वीस वर्षांच्या मेहतांनी लोकमताच्या विरुद्ध जाऊन असे प्रतिपादन केले की, दोष एका माणसाच्या हाती अंमलबजावणी असण्यात नाही, तर त्याला जाब विचारणारे, करदात्यांनी निवडलेले मंडळ नसण्यात आहे. अंमलबजावणी एकाने करावी आणि तिजोरीची किल्ली लोकप्रतिनिधींकडे असावी, हा भेद त्या वयात इतक्या स्वच्छपणे पाहणे ही मोठीच गोष्ट होती.

१८७२ च्या कायद्याने चौसष्ट सदस्यांपैकी बत्तीस करदात्यांनी निवडण्याची तरतूद केली. पुढे १८८८ च्या कायद्याच्या विधेयकावर कायदेमंडळात मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी मेहनत घेतली, आणि सदस्यसंख्या बहात्तर होऊन त्यांतले छत्तीस प्रभागांतून निवडून येऊ लागले. मतदानाचा हक्क अर्थातच ठरावीक कर भरणाऱ्यांपुरता होता, त्यामुळे गिरण्यांत राबणारी मुंबई या लोकशाहीच्या बाहेरच राहिली. मेहतांच्या विचाराची ही मर्यादा नजरेआड करता येत नाही.

१८८५ मध्ये तेलंग आणि बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासह त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली, तर १८९० मध्ये ते काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. १९०१ मध्ये शेतसारा थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन पुन्हा देताना ती विकण्याचा किंवा गहाण ठेवण्याचा हक्क काढून घेऊ पाहणारे विधेयक मुंबई कायदेमंडळात आले, तेव्हा त्यावर लोकमत अजमावण्याची त्यांची सूचना सरकारी बहुमताने फेटाळली आणि मेहता गोपाळ कृष्ण गोखल्यांसह सभात्याग करून बाहेर पडले. सनदशीर मार्गावर इतकी श्रद्धा असलेल्या माणसाने हे पाऊल उचलावे, यावरून त्या अन्यायाची तीव्रता लक्षात येते.

याच श्रद्धेने त्यांना टिळकांपासून दूर नेले. १९०७ च्या सुरत अधिवेशनात जहाल आणि मवाळ वेगळे झाले, आणि टिळकपक्षाला काँग्रेसमध्ये परत घेण्याच्या हालचालींना मेहतांचा विरोध अखेरपर्यंत राहिला. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी लखनौमध्ये दोन्ही पक्ष एकत्र आले.

त्यांचा पुतळा आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरच्या महानगरपालिकेच्या इमारतीपुढे उभा आहे आणि आत कारभार चालतो तो वेळोवेळी दुरुस्त होत आलेल्या १८८८ च्याच कायद्याने, ज्यात आयुक्त आजही सरकार नेमते आणि अंदाजपत्रकाला मंजुरी देण्याचा अधिकार निवडून आलेल्या सभागृहाकडे असतो.