सारखा वाटा

आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप वसाहतीत, अठराव्या शतकात एखादा शेतकरी वारला आणि त्याची मुलं अज्ञान असली की घरातल्या चीजवस्तूंची यादी होई. पुढची खोली, स्वयंपाकघर, तळघर असं फिरत कारकून एकेक जिन्नस टिपत जाई: तांब्याची किटली, पलंग, वाइनची पिंपं, नांगर, बैल. त्याच कागदावर, त्याच शाईनं पुढे लिहिलेलं असे: फेब्रुवारी, सप्टेंबर, क्युपिडो, टायटस. ही माणसांची नावं. मालकांनी ती कॅलेंडरातून किंवा रोमन कथांतून उचललेली. नावापुढे मूळ मुलूख: बंगालचा, मलबारचा, मादागास्करचा.

डच ईस्ट इंडिया कंपनीनं १६५२ साली इथे ठाणं वसवलं आणि १६५७ पासून आपल्या काही नोकरांना शेतीसाठी जमिनी दिल्या. त्यांच्यासोबत हॉलंडचा वारसाकायदाही आला, आणि तो त्या काळाच्या मानानं थक्क करणारा होता. लग्न होताच नवराबायकोची मालमत्ता एक होई. एक जण गेला की निम्मी मागे राहिलेल्याची. उरलेली निम्मी मुलांत सारखी वाटायची, मुलगा असो की मुलगी. नवराबायको एकत्र मृत्युपत्र करत. विधवेला पुन्हा लग्न करायचं तर आधी मुलांचा हिस्सा नक्की करून द्यावा लागे. अज्ञान वारसांचे पैसे अनाथ-मंडळ सांभाळी आणि व्याजानं इतर शेतकऱ्यांना कर्जाऊ देई. पोरक्या मुलांच्या पैशावर शेजाऱ्याची शेती उभी राहत होती!

पण या न्यायी कायद्याचा घाव कोणावर पडला? आतल्या मुलुखातली बरीच जमीन कंपनीनं नुसती वापरायला दिलेली असे. मधल्या खुणेपासून घोडा चालवत अर्ध्या तासात जिथवर पोचता येईल तिथवर शिवार, आणि १७३२ पासून त्याचा वर्षाचा आकार २४ रिक्सडॉलर. तिथे मालकीची म्हणावी ती घर-गोठ्याची बांधकामं, गुरं आणि गुलाम. सहा वारसांना सारखा वाटा द्यायचा तर बैल वाटता येतात, माणूस कापून वाटता येत नाही. मग लिलाव पुकारला जाई. पैसे काटेकोर वाटले जात, आणि आई एका शेतावर, लेक दुसऱ्या शेतावर जाई. वारसांना मिळालेला न्याय आणि गुलामांच्या संसाराची झालेली वाताहत, दोन्ही एकाच कलमातून आलं. मला या साऱ्या कथेत हेच सर्वांत भयंकर वाटतं.

मूल आईच्या दर्जाचं, हा नियमही क्रूरच. मालकापासून गुलाम स्त्रीला झालेलं मूल गुलामच राही. ते वारस ठरत नसे, वारशात मोजलं जाई. काही मृत्युपत्रांत एखाद्या गुलामाला मुक्ती लिहिलेली सापडते, तीही कधी कधी मालकीण जिवंत असेतो तिची चाकरी करण्याच्या अटीवर.

आणि तरीही अँजेला घडली. बंगालमधून गुलाम म्हणून आणलेली ही बाई केपमध्ये कंपनीचे कमांडर व्हान रीबेक यांच्या घरी राबली. १६६६ साली ती मुलांसह मुक्त झाली, १६६९ मध्ये तिनं एका डच माणसाशी लग्न केलं. नवऱ्यामागे तिनं शेतीवाडी सांभाळली, आणि १७२० साली ती गेली तेव्हा तिची मालमत्ता १४ हजार गिल्डरच्या वर भरली. तिच्यासोबत मुक्त झालेली लेक ॲना पुढे ग्रूट कॉन्स्टान्शिया या नामांकित द्राक्षमळ्याची मालकीण झाली, तीही वारशानंच. मळ्यात गुलाम राबत होतेच.

गुलामगिरी १८३४ साली कायद्यानं संपली, तरी आणखी चार वर्षं त्या माणसांना जुन्या मालकांकडेच बांधून ठेवलं गेलं. मृतांच्या चीजवस्तूंच्या त्या याद्या केप टाउनच्या दप्तरखान्यात आहेत आणि त्यांतल्या असंख्य आता अक्षरलेखन होऊन सर्वांना वाचायला खुल्या आहेत. बंगाल, कोरोमंडल, मलबारहून नेलेल्या कितीतरी माणसांची दुसरी कुठलीच नोंद उरलेली नाही. आपल्याकडच्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी डच शिकावं आणि त्या वाचायला घ्याव्यात.