एक जगप्रवासी, एक वृक्षवासी

पावसाळा ओसरू लागला की छत्रपती संभाजीनगरच्या मोकळ्या मैदानांवर सोनेरी-पिवळ्या चतुरांचे थवे घिरट्या घालू लागतात. मुले त्यांना ‘हेलिकॉप्टर’ म्हणतात. शास्त्रज्ञ ‘पँटाला फ्लॅव्हेसेन्स’. ऑस्ट्रेलियातील कोआलाशी याची तुलना कोणाला विचित्र वाटेल; परंतु जगण्याच्या दोन टोकांच्या रीती समजून घेण्यास ही जोडी फार उपयोगी आहे.

या चतुराची मादी पावसाच्या साचलेल्या पाण्यात अंडी घालते. डबके आटण्यापूर्वी पाण्यातले बालपण उरकणे भाग असते, म्हणून साधारण दीड-दोन महिन्यांतच त्याला पंख फुटतात. मग थवे वाऱ्यावर स्वार होतात. ऑक्टोबरात ते मालदीवमध्ये दिसू लागतात, जेथे जमिनीवर गोडे पाणी जवळजवळ नाहीच! तेथे राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये असे मांडले की, हे कीटक भारतातून हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिका गाठतात. जाऊन-येऊन हा प्रवास १४ ते १८ हजार किलोमीटरांचा. तो पुरा होण्यास सुमारे चार पिढ्या लागतात. निघालेला परतत नाही, परततात त्याचे वंशज. त्याच सुमारास आपल्या मराठवाड्यातील ऊसतोड कुटुंबेही बिऱ्हाड घेऊन निघतात. निवासी शाळांतील अनेक मुलांना स्थलांतर हा शब्द पुस्तकातून शिकावा लागत नाही.

कोआला मात्र पक्का घरकोंबडा. त्याला अस्वल म्हणणे चूक. तो कांगारूसारखा, पोटावरच्या पिशवीत पिल्लू वाढवणारा प्राणी आहे. जन्मतः पिल्लू जेमतेम दोन सेंटिमीटर असते आणि सुमारे सहा महिने पिशवीत राहते. अन्न म्हणजे निलगिरीची पाने: चिवट, विषारी, सत्त्वहीन. ती पचवण्यासाठी त्याचे अंधांत्र जवळपास दोन मीटर लांब असते, आणि दिवसाचे अठरा-वीस तास तो झोपतो. हा आळस नव्हे, काटकसर आहे. पाने पचवणारे सूक्ष्मजीवही पिल्लाला आईच्या मऊ विष्ठेतूनच मिळतात.

चतुर आज धोक्यात नाही. एक डबके बुजले तर तो दुसरे शोधतो. कोआलाला तशी सोय नाही. बन तुटले की तो जमिनीवर उतरतो, रस्ते ओलांडतो, आणि तेथे मोटारी व कुत्री असतात. २०१९-२० च्या वणव्यांतही असंख्य कोआला होरपळले. २०२२ मध्ये क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स व राजधानी प्रदेशातील कोआलांची नोंद ऑस्ट्रेलिया सरकारने ‘संकटग्रस्त’ म्हणून केली.