चष्म्याचा नंबर घालवणारे लेझर : करावे की न करावे?

तुरीची रास होऊन चार पैसे हातात आले, की पुष्कळ घरांतून हा विषय निघतो. मुलाला भरतीला जायचे असते, मुलीचे लग्न ठरवायचे असते आणि चष्मा आड येतो. मग कोणी सांगतो, "हैदराबादला नाहीतर सोलापूरला जा, लेझर मारून घ्या, दहा मिनिटांत चष्मा जातो." दहा मिनिटांची गोष्ट खोटी नाही. परंतु त्याआधी जो विचार करावयाचा, त्याला सवड दिली पाहिजे.

प्रथम एक घोटाळा दूर करू. डोळ्याचे लेझर एकच नसते. मधुमेहाने डोळ्याच्या मागच्या पडद्यावरील रक्तवाहिन्या बिघडल्या, तर तेथे लेझर देतात. काचबिंदूच्या काही प्रकारांत देतात. मोतीबिंदू काढल्यावर पुढे कृत्रिम भिंगामागची पातळ त्वचा धुरकट झाली, तर तीही लेझरने मोकळी करतात. हे उपचार आजारावरचे आहेत. मधुमेह किंवा काचबिंदू यांसाठी डॉक्टरांनी लेझर सांगितले असेल, तर पुढच्या सुगीपर्यंत थांबू नये. गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. चष्म्याचा नंबर घालवणारे लेझर मात्र निराळे. चष्म्याने जर नीट दिसत असेल, तर ते करण्याची घाई कधीच नसते.

हे लेझर काय करते?

डोळ्याच्या अगदी पुढे, काळ्या बुबुळावर, घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. लांबचे न दिसणाऱ्याच्या डोळ्यात उजेडाचे किरण मागच्या पडद्याच्या अलीकडेच एकत्र येतात. लेझरने पुढचा पडदा मध्यभागी किंचित सपाट केला, की ते योग्य जागी येतात. १९८१ साली अमेरिकेतील आय.बी.एम. कंपनीच्या प्रयोगशाळेत मद्रासचे रंगस्वामी श्रीनिवासन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांना आढळले, की एक्सायमर नावाच्या लेझरने सजीवांचा मांसल भाग आजूबाजूला न भाजता अचूक कोरता येतो. सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्यावर तो प्रयोग झाला होता! त्यातूनच पुढे हे उपचार निघाले.

लॅसिक पद्धतीत पडद्याचा वरचा पापुद्रा झाकणासारखा उचलतात, खाली लेझर देतात आणि झाकण परत बसवतात. दुसऱ्या दिवशीच बरेच स्पष्ट दिसते. पी.आर.के. या जुन्या पद्धतीत झाकण नसते. वरची नाजूक त्वचा काढून लेझर देतात. तीन-चार दिवस डोळा चांगलाच दुखतो आणि नजर स्थिर व्हायला काही आठवडे लागतात. स्माईल या नव्या पद्धतीत लहानशा छेदातून आतली पातळ चकती काढतात.

जाडीचा हिशेब

हा पडदा मध्यभागी सुमारे ५०० ते ५५० मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाड असतो. एक नंबर उतरवण्यास ढोबळ मानाने १५ मायक्रॉन जातात. लॅसिकचे झाकण सुमारे ११० मायक्रॉनचे. त्याखाली निदान २५० मायक्रॉन शिल्लक राहावे लागतात. पुष्कळ डॉक्टर ३०० धरतात.

समजा, पडदा ५४० आणि नंबर ४ आहे. झाकणाचे ११० व नंबरचे ६० वजा जाता ३७० उरले. हिशेब बसला. पण पडदा ४७० आणि नंबर ८ असेल, तर उरतात फक्त २४०. असा डोळा पुढे कमकुवत होऊन फुगू शकतो. अशा वेळी डॉक्टर नाही म्हणाले, तर ते आपल्या हिताचेच आहे. नाराज होऊन दुसरा दवाखाना शोधीत फिरू नये.

कोणी थांबावे?

वय १८ पूर्ण नसेल किंवा गेल्या वर्षभरात नंबर बदलला असेल, तर थांबावे. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायांनी थांबावे. डोळे फार कोरडे असणाऱ्यांना, तसेच मधुमेह ताब्यात नसणाऱ्यांना हे मानवत नाही. खाज सुटून सतत डोळे चोळणाऱ्या मुलांचा पडदा कधी कधी शंकूसारखा पुढे येतो. त्यांना लॅसिक करूच नये. म्हणून पडद्याचा आकार व जाडी यांचा नकाशा काढणारी तपासणी झाल्याशिवाय होकार देऊ नये. तपासणीपूर्वी कॉन्टॅक्ट लेन्स किती दिवस बंद ठेवावी, तेही विचारावे.

शेतात राबणाऱ्याने काय पाहावे?

लॅसिकचे झाकण पहिल्यासारखे घट्ट कधीच होत नाही. उसाचे पान, बाभळीची फांदी, बैलाचे शिंग यांचा जोराचा मार लागला, तर वर्षांनंतरही ते सरकू शकते. म्हणून डॉक्टरांना आपला धंदा सांगावा आणि झाकण नसलेली पद्धत चालेल का, हे विचारावे. ऑपरेशननंतर डोळा चोळू नये, पाणी जाऊ देऊ नये, आणि धूळ, भुसा व फवारणी यांपासून महिनाभर तरी दूर राहावे. तुरीच्या राशीच्या तोंडावर ऑपरेशन ठरवू नये. पी.आर.के. केल्यास काही महिने उन्हात टोपी व काळा चष्मा वापरावा.

नोकरीसाठी करणार असाल तर

आधी भरतीची जाहिरात वाचावी. रेल्वेत सहायक लोको पायलटच्या जागेसाठी गेल्या काही वर्षांत लॅसिक केलेला उमेदवार अपात्र ठरवला जातो. सैन्यदलांच्या काही प्रवेशांत ते चालते, पण वयाच्या व ऑपरेशननंतर गेलेल्या काळाच्या अटी असतात. नोकरीसाठी पैसे घालावेत आणि त्यानेच नोकरी जावी, असे होऊ नये.

शेवटी

बहुतेकांना याचा चांगला गुण येतो. तरी काहींचे डोळे कित्येक महिने कोरडे राहतात, रात्री दिव्याभोवती वलये दिसतात, थोडा नंबर उरतो. चाळिशी कोणालाच चुकत नाही. जवळचे वाचायला पुढे चष्मा लागणारच. मोठा नंबर असलेल्यांनी मागच्या पडद्याची तपासणी लेझरनंतरही करीत राहावी. ऑपरेशनपूर्वीचे सर्व कागद जपून ठेवावेत. म्हातारपणी मोतीबिंदूचे भिंग बसवताना त्यांची गरज पडते.

कर्ज काढून किंवा दुभते जनावर विकून हे करू नये. मुलीच्या चष्म्यावरून सोयरीक अडत असेल, तर तिचा नंबर स्थिर आहे का आणि तिची स्वतःची इच्छा आहे का, हे आधी विचारावे. डोळे तिचे आहेत. चष्म्याला लाजण्यासारखे काही नाही.