बारवीच्या काठाने पक्ष्यांमागे

पहाटे 5.30. बदलापूर स्थानकाबाहेर मंडळी जमतात. भातकापणी आटोपत आलेली, हवेत गारवा. 5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा आणि 12 नोव्हेंबर हा सालिम अलींचा जन्मदिवस, म्हणून या दोन तारखांमधले दिवस राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळले जातात. कल्याण-डोंबिवली, उल्हासनगरहून आलेल्यांत शाळकरी मुलं आहेत, निवृत्त शिक्षकही आहेत. निघण्याआधी मी सूचना देतो. कपडे मातकट किंवा हिरवे, मोबाइलचा आवाज बंद, आणि पक्ष्याला बाहेर काढायला त्याची शीळ मोबाइलवर वाजवायची नाही. ती ऐकून आपल्या हद्दीत कुणी परका शिरला असं समजून तो खाणं सोडून धावत येतो. दुर्बिणीपुढे क्षणभर दिसण्यासाठी त्याला एवढं दमवू नये.

सकाळी 6.30. उल्हास नदी ओलांडून, बारवीच्या रस्त्याला एका गावाशी आम्ही शेतात उतरतो. कापलेल्या भाताच्या धसांत अजून ओल आहे. बगळे आणि ढोकऱ्या बांधाच्या कडेने किडे, बेडूक टिपतात. तारेवर वेडा राघू, झुडपाच्या टोकावर गप्पीदास, ओहोळात शेपटी हलवणारा धोबी. गप्पीदास आणि करडा धोबी हे हिवाळ्याचे पाहुणे, उत्तरेकडून आलेले. भारे बांधणारे एक काका हाक मारतात, “दादा, तुमचा कुकूडकुंभा मघाशीच कुंपणात शिरला!” सगळे तिकडे वळतात. पोथीतला भारद्वाज तो हाच.

सकाळी 7.30. गावतळं. इथे अर्धा तास बसायचं, चालायचं नाही. कमळपक्षी पानांवरून चालतो, कारण त्याची बोटं लांब आहेत आणि वजन पानभर विभागलं जातं. या पक्ष्यांत अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं हे नराचं काम. मादी दुसऱ्या नराकडे जाऊन पुन्हा अंडी घालते. मुलं हे ऐकून थक्क होतात. टिबुकली बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. काठाचं गवत आणि लव्हाळी टिकली तरच ही मंडळी इथे राहतात. काठ सिमेंटने बांधून काढला की तळं स्वच्छ दिसतं आणि घरटी संपतात.

सकाळी 8.45. आता जंगल. साग, ऐन, मोह, कुडा. पुढे चालतो पाड्यावरचा तरुण. पाऊलवाटा त्याच्या, नजरही त्याची. दहा मिनिटं काहीच नसतं आणि एकदम झाड जागं होतं: नाचण, सुभग, निखार, वल्गुली, सुतार, सगळे एकत्र. हा मिश्र थवा. एकाच्या हालचालीने उडालेला किडा दुसऱ्याला मिळतो, आणि शिकरा आला तर कुणीतरी आधी ओरडतं. बऱ्याचदा ते काम भृंगराजाचं. शेपटीच्या दोन लांब पिसांनी तो ओळखू येतो. इतर पक्ष्यांच्या हाका हुबेहूब काढतो. म्हणून इथे नुसत्या आवाजावरून यादीत नाव लिहायचं नाही.

सकाळी 10.15. ऊन तापलं की छोटे पक्षी गप्प होतात आणि गरम हवेच्या झोतावर शिकारी पक्षी चढतात. सर्पगरुडाची लांब शीळ आकाशातून येते. परवानगी असलेल्या जागेवरून बारवी धरणाचं पाणी पाहतो. त्यावर पाणकावळे उडतात. 1972मध्ये झालेलं हे एमआयडीसीचं धरण पुढे टप्प्याटप्प्याने वाढवलं गेलं, 2019मध्ये 72.60 मीटर पातळीपर्यंत भरलं. आमच्यातल्या अनेकांच्या नळाचं पाणी इथलंच. ते साठवण्यासाठी तोंडली, मोहघरसारख्या गावांनी आपली घरं-शेतं सोडली. हे मी प्रत्येक फेरीत सांगतो. धरणात येणारा पाऊस आधी याच डोंगरउतारांवर पडतो. झाडं माती धरून ठेवतात, म्हणून गाळ कमी येतो. पक्ष्यांचं घर आणि आपल्या पाण्याचं पाणलोट एकच आहे.

सकाळी 11.30. पाड्यावरच्या अंगणात तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं. जेवता जेवता यादी वाचतो. ज्याची खात्री नाही ते नाव गाळतो. शहरातल्या मुलांना इंग्रजी नावं येतात, पाड्यावरच्या आजी त्यांना आपली नावं सांगतात. वहीत दोन्ही लिहिली जातात.

दुपारी 3. मंडळी गेल्यावर मी यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवतो: जागा, वेळ, संख्या. वर्षानुवर्षं अशा नोंदी झाल्या, तरच कोणता पक्षी कमी होतोय हे पुराव्यानिशी सांगता येईल.

बारवीला या. पण धबधब्यापुरतं येऊ नका. पाड्यावरचा वाटाड्या घ्या, त्याचा मेहनताना आधी ठरवा आणि पुरता द्या, कचरा परत न्या, आणि जे पाहिलं ते लिहून ठेवा. या जंगलाचं पाणी पिणाऱ्याने निदान एवढं करायलाच हवं.