बसच्या अंगावरचे नाव



ट्रकच्या किंवा बसच्या पुढच्या बाजूस 'अशोक लेलँड' ही अक्षरे आपण सर्वांनीच वाचलेली आहेत. यातील अशोक हे संस्थापक रघुनंदन सरन यांच्या चिरंजीवांचे नाव, तर लेलँड हे इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील एका गावाचे. तेथे ट्रक आणि बस तयार होत. मुंबईत बेस्टची दुमजली बस १९३७ साली सुरू झाली, तीही ब्रिटिश धर्तीवर. तेव्हा ब्रिटनच्या जुन्या बसगाड्या आपल्याला अगदीच परक्या नाहीत.

तिकडे या गाड्यांचे मोठे शौकीन आहेत. कोणत्या गावाची बस कोणत्या रंगाची होती आणि गियर बदलताना तिचा आवाज कसा येई, हे त्यांना तोंडपाठ असते. काहींनी भंगारात निघालेल्या बस विकत घेऊन, सुटीच्या दिवशी खपून, पुन्हा चालत्या केल्या आहेत. मँचेस्टरला बॉइल स्ट्रीटवरील जुन्या बस डेपोत १९७९ पासून अशा गाड्यांचे संग्रहालय आहे. ते स्वयंसेवकच चालवतात. एवढा जीव लावण्याजोगे त्या बसमध्ये होते तरी काय?

एक तर ती बस त्या गावाची असे. अनेक शहरांच्या नगरपालिका स्वतः बस चालवीत. मँचेस्टरची लाल, बर्मिंगहॅमची निळी आणि साईच्या रंगाची, एडिंबरोची गडद तांबडी-पांढरी. अंगावर शहराचे बोधचिन्ह रंगवलेले. १९६९ मध्ये मँचेस्टर, बर्मिंगहॅम यांसारख्या मोठ्या शहरांची बसखाती प्रादेशिक मंडळांत विलीन झाली. सरकारी मालकीच्या इतर कंपन्यांवर १९७२ पासून ठराविक लाल किंवा हिरवा रंग चढला. पुढे २६ ऑक्टोबर १९८६ पासून लंडनबाहेर बससेवा खुल्या स्पर्धेला सोडली गेली आणि बहुतेक जुनी नावे पुसली गेली. एडिंबरोने मात्र सार्वजनिक मालकीही राखली आणि रंगही. आम्हाला याचे फार कौतुक वाटते.

दुसरे कारण कारागिरीचे. ब्रिस्टल शहरात तयार झालेल्या 'लोडेका' बसचे उदाहरण घ्या. साधारण दुमजली बस साडेचौदा फूट उंच. पण कित्येक रेल्वे पूल त्याहून ठेंगणे. म्हणून काही गाड्यांत वरच्या मजल्यावरची येण्याजाण्याची वाट मधोमध न ठेवता एका कडेला, खोलगट करीत. मग वर चार-चार जण एका बाकावर. खिडकीपाशी बसलेल्याला उतरायचे झाले की सारी रांग हलायची, आणि खाली त्या वाटेखाली बसलेला माणूस उठताना हमखास डोके आपटून घ्यायचा! लोडेकाच्या अभियंत्यांनी इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा मधून काढून बाजूला नेला आणि मागच्या आसाचा मधला भाग खाली घेतला. त्यामुळे खालच्या मजल्याची फरशी उतरली. उंची साडेतेरा फुटांवर आली आणि वाट दोन्ही मजल्यांवर मधोमध राहिली. अशा पाच हजारांवर गाड्या १९६८ पर्यंत बनल्या.

अशा बसमध्ये ड्रायव्हर पुढे इंजिनाशेजारी एकटाच, वेगळ्या कप्प्यात बसे. प्रवाशांचा संबंध कंडक्टरशी. त्याने एकदा घंटी दिली की थांबा, दोनदा दिली की निघा. तिकीट देणे, म्हाताऱ्यांना हात देणे, मुलांना दरडावणे हे सगळे त्याचेच काम.

आणि हे काम कोणाला मिळावे, यावरून त्याच ब्रिस्टलमध्ये मोठा लढा झाला. शौकिनांच्या गप्पांत गियरबॉक्सइतकीच ही गोष्टही यावी, असे आम्हाला वाटते. लंडनची परिवहन संस्था १९५६ पासून वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर जाऊन माणसे भरती करीत होती. ब्रिस्टल ऑम्निबस कंपनी मात्र कृष्णवर्णीय व आशियाई लोकांना वर्कशॉपमध्ये घेई, पण ड्रायव्हर-कंडक्टर म्हणून नाही. कामगार संघटनेच्या स्थानिक शाखेचाही याला पाठिंबा होता. आणि हे सारे तेव्हाच्या कायद्यात बसत होते. १९६३ मध्ये गाय बेली या जमैकाच्या अठरा वर्षांच्या तरुणाची मुलाखत ठरली. जागा रिकामी होती. तो वेस्ट इंडियन आहे हे कळताच मुलाखत रद्द झाली.

३० एप्रिलपासून बसवर बहिष्कार सुरू झाला. पॉल स्टीफन्सन हा तरुण युवक-कार्यकर्ता पुढे होता, तर रॉय हॅकेट वगैरे मंडळींनी रस्ते अडवले. वेस्ट इंडीजचे नामवंत क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन तेव्हा त्रिनिदादचे उच्चायुक्त होते. त्यांनीही उघड बाजू घेतली. चार महिन्यांनी, २८ ऑगस्टला, कंपनीने बंदी उठवली. १७ सप्टेंबर १९६३ रोजी ब्रिस्टलच्या बसवर पहिला गौरेतर कंडक्टर चढला. तो होता रघबीर सिंग, एक शीख. नोकरीतील वंशभेदाला कायद्याने मनाई व्हायला मात्र १९६८ उजाडले, आणि त्या कामगार संघटनेच्या वारसदार संघटनेने माफी मागितली ती २०१३ साली.