दरडी का कोसळतात?

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगराखाली गाडले गेले व १५१ जणांना प्राण गमवावे लागले. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी येथे हीच आपत्ती ओढवली. इर्शाळवाडीत २७ मृतदेह हाती आले. ५७ व्यक्तींचा शोध लागला नाही. तिन्ही दुर्घटना जुलैतील, मुसळधार पावसाच्या दिवसांतील आहेत.

वर्ध्यालगतच्या पिपरी मेघे येथे जमिनीखाली जो काळा बेसॉल्ट खडक आहे, तोच सह्याद्रीतही आहे. परंतु पिपरी मेघेच्या सपाट भूमीवर माती घसरत नाही. सह्याद्रीत तीव्र उतार आणि अतिवृष्टी यांची गाठ पडते.

उतारावरील मातीला तिचेच वजन सतत खाली ओढत असते. कणाकणांतील घर्षण तिला धरून ठेवते. झिजलेल्या खडकापासून बनलेल्या माती-मुरमाच्या थरात पाणी मुरले की वजन वाढते. त्याच वेळी पाण्याचा दाब कणांना परस्परांपासून दूर लोटतो व घर्षण घटते. खालच्या अभंग खडकात पाणी सहज शिरत नाही; ते सीमेवर साचते आणि तेथूनच वरचा थर सुटतो. हिमालयातील हिमस्खलनाचे तत्त्वही असेच आहे. तेथे नव्या बर्फाच्या भाराखाली आतला एखादा दुबळा थर तुटतो व वरचे हिम वेगाने खाली येते. घरासाठी वा रस्त्यासाठी पायथा तोडला तर डोंगराचा आधार जातो. वृक्षतोड झाली तर मुळांची पकड सुटते. सांडपाणी उतारावर मुरू दिले तर धोका वाढतो.

दरड अनेकदा पूर्वसूचना देते. घरामागील उतारावर नव्या भेगा पडणे, झाडे व विजेचे खांब कलणे, भिंतींना तडे जाऊन दारे अडकणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे वा नव्या ठिकाणी पाझर फुटणे ही ती लक्षणे होत. ती दिसताच तहसील कार्यालयास कळवावे; परंतु उत्तराची वाट न पाहता वस्ती हलवावी. बाहेर पडताना नाल्याच्या पात्रातून न जाता दरडीच्या संभाव्य मार्गापासून बाजूला सरकावे.

इर्शाळवाडीचे नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हते, हे येथे विसरता येणार नाही. यादी आवश्यक आहे. पण यादीत नाव नाही म्हणून डोंगर सुरक्षित ठरत नाही. म्हणूनच प्रत्येक डोंगरी ग्रामपंचायतीने पावसाळ्यापूर्वी वस्तीवरील उतार पायी फिरून पाहावा, वरून येणारे पाणी चर खणून बाजूला वळवावे आणि रात्री आसरा घेण्याची जागा आधीच ठरवावी. शिक्षकांनी ही लक्षणे मुलांना शिकवावीत. डोंगरातील भेग सर्वप्रथम दिसते ती तेथे राहणाऱ्यांनाच.